ऐकण्याचा सराव

माझी मुलगी पाच वर्षांची होत आली तरी तिला अर्धंच ऐकू येतं हे मला कळलं नाही. आणि मी पोटापाण्यासाठी काय करतो, विचारा. कान! गेली अकरा वर्षं स्टुटगार्टमध्ये लोकांच्या कानांवर प्रयोग करून पगार घेतोय. मोटारीचं दार लावल्यावर 'खाड्' वाजावं की 'धप्', इंडिकेटरची टिकटिक किती टोकदार असली म्हणजे ड्रायव्हरला कळेल पण त्याचं डोकं उठणार नाही, असल्या प्रश्नांसाठी आमच्या कंपनीत अख्खं डिपार्टमेंट आहे आणि त्यातला सीनियर मी, हृषिकेश वाकणकर. पुण्याहून इथे पीएचडीला आलो, तीही माणसाला आवाज कसा कळतो यावरच केली, आणि इथेच चिकटलो. एखादा अडाणी बाप असता तर गोष्ट वेगळी होती. मी अडाणी नाही, तेच तर दुखणं आहे.

दर वर्षी नवीन ट्रेनी येतात, त्यांना मी पहिल्या दिवशी एक गंमत दाखवतो. एक वाक्य रेकॉर्ड केलेलं असतं. त्यातला एका अक्षराचा तुकडा कापून तिथे खोकल्याचा आवाज चिकटवलेला असतो. ऐकवतो आणि विचारतो, कुठलं अक्षर गायब आहे? कोणालाच सांगता येत नाही. सगळ्यांना वाक्य पूर्ण ऐकू आलेलं असतं. मग मी ऐटीत समजावतो. हवेच्या लाटा कानाच्या पडद्यावर आपटतात, तीन चिमुकली हाडं त्यांना पुढे ढकलतात, शंखासारख्या वळलेल्या नळीत पाणी हलतं, आणि त्या पाण्यात बारीक केसांच्या पेशी डोलतात. दाराशी असतात त्या टोकदार, वरच्या आवाजांच्या, आत खोलवर असतात त्या जाड, घुमणाऱ्या आवाजांच्या. कानाचं काम तिथे संपलं. पुढचं सगळं मेंदू करतो, आणि जे यायला हवं होतं ते आलं नाही तर तो स्वतःच्या पदरचं घालतो. "आल्झो, म्हणजे थोडक्यात, तुम्ही ऐकत नाही," मी म्हणतो, "तुम्ही अंदाज करता." पोरं खूश होऊन टेबलावर बोटं ठोकतात, इथे टाळ्यांऐवजी तेच करतात. मग आम्ही सगळे जेवायला जातो.

स्पृहाचा जन्म पुण्यातला. माझी बायको विभावरी बाळंतपणाला माहेरी गेली, पहिलं बाळ, रीतच आहे. इथे जन्मलेल्या बाळाचे कान दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तपासतात. तिचे तपासले गेले नाहीत, आणि कोणाच्या डोक्यातही आलं नाही. त्याबद्दल मी सासरच्या कोणाला बोल लावत नाही. बोल लावायला मी पुरेसा आहे.

आणि बहिरी वाटावी अशी ती नव्हतीच हो! दार आपटलं की दचकायची. व्हॅक्यूम क्लीनर लावला की भोकाड पसरायची. माझी हाक ऐकून वळायची, कारण माझा आवाज जाड. वर्षाची असताना 'आई' म्हणाली, मग 'बाबा', मग व्हिडिओ कॉलवर 'मामा', 'नाना'. जरा बघा ही यादी. 'आई' तर नुसते स्वर. बाकीचे सगळे ब, म, न, खालच्या पट्टीतले आवाज. जिला वरचे आवाज अजिबात ऐकू येत नाहीत अशी पोरगीसुद्धा मराठीत सगळं गणगोत गोळा करू शकते. हे मला आज कळतंय. स, श, च, त, क, फ हे वरचे. त्यातलं एकही अक्षर तिच्या तोंडून धड आलं नाही. स्वतःला ती 'रुहा' म्हणायची. नाव मी ठेवलेलं, मोठ्या हौसेनं, आणि त्यातलं पहिलं अक्षर तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. आम्हाला केवढं कौतुक! दोन्हीकडचे आजी-आजोबासुद्धा रुहा म्हणायला लागले. ती 'आआ आई आ' असं काहीतरी म्हणायची आणि मी विभावरीला सांगायचो, "ऐक, 'चाचा आली का' म्हणतेय, चहाला चाचा म्हणते." पदरचं घालत होतो. ट्रेनींना शिकवायचो तेच घरी करत होतो, आणि टेबल ठोकायला कोणी नव्हतं एवढंच.

विभावरीला आधी शंका आली. स्पृहा सव्वातीन वर्षांची असेल. विभावरी ओट्याशी उभी होती, म्हणाली, "हृषी, ही माझ्या डोळ्यांत बघत नाही रे. तोंडाकडे बघते. मी तिकडे तोंड करून बोलले तर तिला कळत नाही."

"दोन भाषांतली मुलं असंच करतात," मी म्हणालो. "मेंदू दोन्हीकडचे आवाज लावत असतो. उशिरा बोलतात, पण एकदा सुरू झाली की थांबत नाहीत."

"माझी हनुवटी धरून वळवते."

"लाडावलीय. तू काय कानाची डॉक्टर आहेस का?"

तेव्हा ती गप्प बसली. पुण्यात ती सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची, दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधणं हाच तिचा धंदा होता. इथे जर्मनचा क्लास करत घरी बसलेली. आणि समोर मी, आवाजात पीएचडी. गप्प नाही बसणार तर काय करणार?

स्पृहा साडेतीनची झाल्यावर किटातल्या फ्राऊ केसलरनी आम्हाला बोलावलं. किटा म्हणजे इथली बालवाडी, फ्राऊ म्हणजे बाई. फ्राऊ केसलर तीस वर्षं तिथे आहेत, पोरांच्या उंचीच्या खुर्चीवर बसून बोलतात. म्हणाल्या, "स्पृहा खूप बघते. बाकीची मुलं काय करतात ते बघून मग करते. मला वाटतं एकदा कान नीट तपासून घ्यावेत." आणि त्याच दमात विचारलं, "घरी तुम्ही कोणती भाषा बोलता?"

संपलं! माझं डोकं फिरलं. त्याच आठवड्यात एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, स्पृहाशी मराठीत बोलत होतो तर एका म्हाताऱ्या बाईनं मला सुनावलं होतं की या देशात मुलांशी जर्मन बोलतात. मला तिला उलट काही बोलता आलं नव्हतं, स्टेशन आलं होतं. ते सगळं मी फ्राऊ केसलरवर काढलं. तिथल्या तिथे नाही. तिथे मी 'गेनाऊ, गेनाऊ', बरोबर, बरोबर, म्हणून हसलो. घरी येऊन तीन पानी मेल लिहिला. अस्सल जर्मन, खाली अकरा शोधनिबंधांचे संदर्भ, प्रत माझ्या मते किटाच्या सगळ्या वरिष्ठांना. घरी मातृभाषा बोलल्यानं मुलांचं नुकसान होत नाही, झालाच तर फायदा होतो, आणि असे प्रश्न विचारणं हा दुजाभाव आहे. अकरा संदर्भांपैकी एकही कानांबद्दल नव्हता.

किटाच्या प्रमुखांचं लगेच उत्तर आलं, दिलगिरीचं. खाली फ्राऊ केसलरनी स्वतःचं एक वाक्य घातलं होतं: भाषेबद्दल मला काहीच म्हणायचं नाही, कृपया कान तपासा. मी ते वाचलं आणि विभावरीला म्हणालो, "बघ, घेतली माघार." मेल मी मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. चाळीस अंगठे आले. 'वा हृषी, चांगली जिरवलीस!' 'फॉरमॅट पाठव रे, आमच्याकडेही तेच चाललंय.' पाठवला. त्या फॉरमॅटवर आणखी किती जणांनी किती बायकांची जिरवली असेल, देव जाणे.

तरी तपासणी टळणार नव्हती. चार वर्षांच्या मुलांची डॉक्टरकडे नेहमीची तपासणी असते, त्यात कानही बघतात. हेडफोन लावतात, आवाज आला की मुलानं डब्यात ठोकळा टाकायचा. मी ठरवलं, ही टेस्ट उत्तम झाली पाहिजे. तो कागद किटाच्या तोंडावर मारायचाय.

आता इथे जे मी केलं ते एखादा जर्मन बाप करणार नाही. त्याच्या डोक्यातच येणार नाही. तो पोरीला घेऊन जाईल, जे निघेल ते निघेल. आमच्याकडे मुलाला कुठल्याही टेस्टला कोरं नेतात का? माझे वडील चिंचवडला शाळेत शिकवायचे, चौथीच्या स्कॉलरशिपला त्यांनी माझ्याकडून साठ पेपर सोडवून घेतले होते. गुरुवारी टेस्ट होती. रविवारी मी ऑफिसातून मोजमापाचे हेडफोन घरी आणले आणि जेवणाच्या टेबलावर स्पृहाचा सराव सुरू केला.

जाड आवाज दिला, ठोकळा पडला. जरा वरचा दिला, पडला. अजून वर गेलो. पोरगी माझ्याकडे बघत बसली. आवाज वाढवला. बघत बसली. आणखी वाढवला, एवढा की हेडफोन तिच्या कानांवर असूनही मला टेबलापलीकडे ऐकू येत होता.

"लक्ष कुठाय तुझं? आवाज आला की ठोकळा टाकायचा. आला ना आवाज?"

तिनं मान हलवली. हो म्हणून हलवली, कारण मी हो म्हणायला लावणाऱ्या चेहऱ्यानं विचारत होतो. मी पुन्हा लावला. या वेळी आवाज सुरू होताना मी भुवया उचलल्या, मदत म्हणून. तिनं पटकन ठोकळा टाकला.

"शाब्बास!"

कसली खुलली! बाबाला काय हवंय ते तिला अखेर कळलं होतं. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. जेवणाआधी अर्धा तास, प्रत्येक बरोबर उत्तराला एक अस्वलाच्या आकाराची जेलीची गोळी. बुधवारी दहापैकी दहा. विभावरी आतून विचारायची, काय खेळताय, आणि मी सांगायचो, अभ्यास. मी, ज्यानं शेकडो लोकांच्या श्रवणाचे आलेख काढलेत, त्यानं स्वतःच्या मुलीची चाचणी स्वतःच्या टेबलावर घेतली. ती नापास झाली. आणि मी तिला कॉपी करायला शिकवलं.

गुरुवारी डॉक्टरकडे मी तिच्या समोरच्या स्टुलावर बसलो. मदतनीस मुलगी नवीन होती, बाहेर गर्दी. तिला मी सांगितलं की पोरगी जर्मन बोलायला लाजते, मी समोर असलो की बरं पडेल. बटणावरचं त्या मदतनीस मुलीचं बोट मला दिसत होतं. मी काही ठरवून केलं नाही. खरंच नाही. भुवया आपोआप वर जात होत्या, आपल्या पोराला घास भरवताना आपलं तोंड उघडतं तशा. स्पृहा माझ्यावरची नजर न हलवता टकाटक ठोकळे टाकत गेली. अहवाल आला: दोन्ही कान व्यवस्थित. मी तो त्याच दुपारी किटाला मेल केला. सोबत एकच ओळ, 'आपल्या माहितीसाठी.' एवढं समाधान मला पीएचडी मिळाली तेव्हाही झालं नव्हतं.

मग ते वर्ष गेलं. तेच वर्ष, ज्याची मी आता बेरीज-वजाबाकी करत बसतो. स्पृहाचं बोलणं पुढे सरकेना. किटात ती पोरांमध्ये जाईनाशी झाली, गालिच्यावर एकटी चित्रं जोडत बसायची. वाढदिवसांना कोणी बोलवेना. गाणी म्हणताना ओठ हलवायची आणि आवाज काढायची नाही. मी काय करत होतो? मी तिला दटावत होतो. "शब्द खाऊ नकोस. नीट बोल. चहा म्हण. च, च, च." ती माझ्या तोंडाकडे बघून जीभ टाळूला लावायची आणि नुसती हवा सोडायची. एकदा चिडून मी तिला म्हणेपर्यंत जेवायला दिलं नाही. अर्ध्या तासानं विभावरीनं ताट ओढून घेतलं आणि तिला मांडीवर घेऊन भरवलं.

"हृषी, परत कान बघू या का?"

"टेस्ट झालीय ना? नॉर्मल आहे ना? मग आता काय कानात माणूस पाठवू?"

शाळेत जायच्या आधी इथे आरोग्य खातं प्रत्येक मुलाला तपासतं. त्यांची बाई किटातच आली. पन्नाशीची, जाड चष्मा, हळू बोलणारी. तिनं आमच्या दोघांच्या खुर्च्या मागे, भिंतीला लावल्या. स्पृहाला आमच्याकडे पाठ करून बसवलं आणि हेडफोन चढवला.

पहिले तीन-चार ठोकळे पडले. मग थांबले. बाई बटण दाबत होती, वाट बघत होती, पुन्हा दाबत होती. स्पृहाच्या हातात ठोकळा तसाच. आणि मग ती खुर्चीवर गुडघ्यांवर उभी राहिली, हेडफोनची वायर ताणली गेली, ती पूर्ण मागे वळली आणि माझा चेहरा शोधला. डोळ्यांना नाही, ओठांना नाही. माझ्या भुवयांना लागली तिची नजर, आणि तिथेच खिळून राहिली.

बाईनं तिला वळवून बसवलं. दोन मिनिटांनी ती पुन्हा वळली. तिसऱ्यांदा बाई मला म्हणाली, "हेअर वाकणकर, तुम्ही कृपया खाली बघता का?" मी खाली बघितलं. फरशी हिरवी होती. ठोकळा पडल्याचा आवाज काही आला नाही. शेजारी विभावरीनं एकदा माझ्याकडे पाहिलं, पण तिला अजून काही माहीत नव्हतं.

हॉस्पिटलात स्पृहाला झोपवून डोक्याला तारा लावल्या आणि मेंदूपर्यंत काय पोचतं ते थेट मोजलं. तिथे भुवया चालत नाहीत. आलेख डॉक्टरीणबाईंनी आमच्यासमोर ठेवला. मला समजावायची गरज नव्हती. डाव्या बाजूला, जाड आवाजांपाशी, रेघ जवळजवळ नॉर्मल, मग मध्यावरून खाली कोसळलेली. दोन्ही कानांत. वरचे आवाज नाहीतच. दाराशी असलेल्या त्या पेशी तिला नव्हत्याच.

"कानाच्या यंत्रांनी बराच फायदा होईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मराठी बोलत राहा, भाषेचा इथे काही संबंध नाही. पण मला एक कळत नाहीये." त्यांनी जुना अहवाल काढला. "वर्षापूर्वी सगळं नॉर्मल लिहिलंय. म्हणजे एका वर्षात एवढं कमी झालं असेल तर उरलेलंही झपाट्यानं जाऊ शकतं. मग तिला भूल देऊन डोक्याचा एमआरआय करावा लागेल, कानाच्या आत यंत्र बसवायच्या ऑपरेशनचा विचार आत्ताच करावा लागेल. किंवा मग तेव्हाची टेस्ट चुकीची होती. तुम्ही होतात ना तिथे? कशी झाली होती?"

विभावरीनं माझ्याकडे बघितलं. स्पृहा तिच्या मांडीवर जागी होत होती, केसांत अजून तो चिकट लेप.

मी काय केलं सांगू? आधी मी 'व्यवस्थित झाली होती' म्हणालो. देवाशपथ म्हणालो. माझ्या पोरीला भूल देऊन त्या नळीत घालतील हे ऐकल्यावरही माझ्या तोंडून पहिलं तेच निघालं. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली आणि लिहायला घेतलं. त्यांनी तीन-चार शब्द लिहिले तेवढ्यात माझा धीर सुटला आणि मी बोललो. पण मराठीत नाही, साध्या जर्मनमध्येही नाही. ऑफिसात बोलतो तसं भराभर, लांबलचक जोडशब्दांचं, सगळी क्रियापदं शेवटी ढकललेलं जर्मन. दृश्य संकेत, पूर्वतयारी, प्रतिसादातला पूर्वग्रह. विभावरीचा क्लास नुकता कुठे दुसऱ्या पायरीला आलेला. तिला कळू नये म्हणून मी तसं बोललो. आपल्या बायकोला कळू नये म्हणून मी माझ्या मुलीचं खरं अवघड भाषेत सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन ठेवलं. मग विभावरीकडे वळून हळू, सोप्या भाषेत विचारलं, "फ्राऊ वाकणकर, तुम्हाला समजलं का?"

"हो," विभावरी जर्मनमध्ये म्हणाली. "सगळं."

घरी येताना आमच्या चढावरच्या पायऱ्या लागतात, शंभरेक. स्पृहाला तिनंच उचललं, मला देईना. निम्म्यावर दम लागला म्हणून कठड्याला टेकली आणि तेव्हा बोलली.

"मी आत पोळ्या करत होते. चार दिवस. मला वाटायचं, बरं झालं, बाप मुलीशी खेळतोय."

"विभा, मला खरंच वाटलं नव्हतं..."

"तुला वाटलं नव्हतं? तुला? दुसरा कोणी असता तर मी म्हणाले असते, कळलं नाही बिचाऱ्याला. तुला ऐकू आलं, हृषी. तिला आलं नाही ते तुला ऐकू आलं, टेबलापलीकडे. आणि तू गोळ्या वाटत बसलास." तिचा आवाज चिरकला. "एक वर्ष ती त्या गालिच्यावर बसली. मी विचारलं होतं तुला. दोनदा विचारलं होतं."

मी बॅग घेतली आणि मागून चढत राहिलो.

एमआरआय टळला, एवढं एक झालं. दीड महिन्यानं यंत्रं आली, जांभळी, चमकी लावलेली, रंग स्पृहानं निवडला. मला वाटलं होतं, लावली की उजेड पडल्यासारखं होईल, पोरगी हसेल, व्हिडिओ काढू. डोंबलाचं! ती कान झाकून रडली. पाच वर्षं त्या आवाजांचं काही आलंच नव्हतं, तर मेंदूनं त्यांची जागा दुसऱ्या कामांना देऊन टाकलेली. आता आत येणारा प्रत्येक 'स' तिला नुसता बोचत होता. हे सगळं मला पाठ आहे, परीक्षेत लिहिलंय मी.

आणि आणखी एक होतं, जे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. चाचणीच्या खोलीत आता तिला आवाज येत होते. यंत्रवालीला तिच्या अंगावरून कळत होतं, आवाज आला की तिचा श्वास अडखळायचा. पण ठोकळा पडत नव्हता. ती वळून मला शोधायची. मला बाहेर बसवलं तर दाराकडे बघत बसायची. स्पीच थेरपिस्टनं चार भेटींत ओळखलं. मला बाजूला घेऊन म्हणाली, "ऐकू आलं की नाही हे वडील ठरवतात असं तिला वाटतं. कृपया तिला काहीही खूण करू नका. मान हलवू नका, हसू नका, हो म्हणू नका. तिच्या कानांवर तिचा विश्वास बसायचा असेल तर तुम्हाला मधून बाजूला व्हावं लागेल."

हे फ्राऊ केसलरना मी सांगायला गेलो होतो. माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मी तेव्हा दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं. तुमच्या मेलनंतर मला भीती वाटली." त्याऐवजी चार शिव्या मिळाल्या असत्या तर घरी येऊन जेवलो असतो.

परवा रविवारी, साडेअकराच्या सुमारास, मी हॉलमध्ये कपड्यांच्या घड्या करत होतो. विभावरी आत वरणाला फोडणी देत होती. आता आमच्यात कामापुरतं बोलणं होतं, आणि ते ती शांतपणे बोलते. स्पृहा खाली बसून चित्र रंगवत होती. तेल तापलं, मोहरी पडली, आणि चर्रर्र झालं.

तिचा खडू थांबला. डोकं वर झालं. बरोबर स्वयंपाकघराच्या दिशेला वळलं, आई दिसत नव्हती, धूर दिसत नव्हता, काहीही दिसत नव्हतं, नुसता आवाज, वरच्या पट्टीतला, तिच्या आयुष्यात पूर्वी कधी न आलेला. माझ्या हातातली घडी तशीच राहिली. वाटलं उठून नाचावं.

ती उठली आणि माझ्याकडे आली. दोन्ही हातांनी माझा चेहरा धरून स्वतःकडे वळवला.

"बाबा, रुहा ऐअं?"

रुहानं ऐकलं का, असं विचारत होती. मला. तिनं ऐकलं का ते.

मी चेहरा दगडासारखा ठेवला. थेरपिस्टनं सांगितलं होतं तसा. मान हलवली नाही, भुवया उचलल्या नाहीत, डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही. ती वाट बघत राहिली. माझ्या कपाळावर तिनं अंगठा फिरवला, एका भुवईवरून, मग दुसरीवरून. आत फोडणी अजून तडतडत होती.

"नाई," ती शेवटी म्हणाली, आणि परत जाऊन रंगवायला बसली.